जुनी जनरल रजिस्टरे स्कॅन करून देणारी सेवा : फोटो घ्या, बांधणी नको

२०२३ साली कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाली तेव्हा गावोगावच्या विद्यामंदिरांतली लोखंडी कपाटे उघडली गेली आणि आत काय अवस्थेत काय पडले आहे ते गावाला दिसले. पाठ निखळलेली, वाळवीने कोपरे खाल्लेली, सेलोटेपने डागडुजी केलेली जनरल रजिस्टरे, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीची पुस्तके. शंभरी गाठणाऱ्या शाळांना स्मरणिकेसाठी तीच लागतात, जातपडताळणीसाठी येणाऱ्यांनाही तीच लागतात. त्यामुळे रजिस्टरे शाळेत येऊन स्कॅन करून देणारे लोक कोल्हापुरात आता सहज भेटतात. त्यांपैकी एका सेवेच्या कामाचे हे परीक्षण आहे. नाव मुद्दाम दिलेले नाही. हे काम करणारे बहुतेकजण याच धर्तीवर करतात, आणि चुकाही त्याच करतात.

पॅकेजमध्ये स्कॅनिंग, नावांची एक्सेल सूची, मोडी पानांचे वाचन आणि रजिस्टरांची नवी बांधणी असे सगळे एकत्र येते. वर 'शाळेचा इतिहास' असे एक पान फुकट. दर असे : उघड्या जोडपानाच्या एका फोटोला ९ रुपये, जीर्ण रजिस्टर असेल तर १४. सूचीला दर नोंदीमागे ४ रुपये. मोडीच्या एका पानाला १८० रुपये. बांधणी रजिस्टरमागे ४५० रुपये. सहा रजिस्टरांच्या, साधारण नऊशे जोडपानांच्या शाळेला नुसते स्कॅनिंग ८,१०० रुपयांत होते. शाळा व्यवस्थापन समितीने थोडे घातले आणि माजी विद्यार्थ्यांनी थोडी वर्गणी काढली तर हे जमण्यासारखे आहे.

आधी निकाल सांगतो. स्कॅनिंग चांगले आहे, घ्यावे. सूची घ्यावी, पण आपला नमुना देऊन. मोडी वाचन तपासून घ्यावे. बांधणी घेऊ नये. इतिहासाचे पान साभार परत करावे.

स्कॅनिंगची मांडणी नीट आहे. टेबलावर काळे कापड, वर उभ्या दांड्याला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत दिवे, आणि पान सपाट ठेवायला काच. झाकण दाबून चालवायचे साधे फ्लॅटबेड स्कॅनर जुन्या रजिस्टरला कधीच वापरू नये. पाठ उलटी पसरवून दाबली की शिलाई तुटते आणि पहिली-शेवटची पाने सुटी होतात. हे लोक ते करत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

रिझोल्यूशनचा हिशेब मात्र स्वतः करून घ्यावा. जोडपान ए३ आकाराचे धरले तर ३०० डीपीआयसाठी (इंचाला ३०० ठिपके) सुमारे साडेसतरा मेगापिक्सेल लागतात. २४ चा कॅमेरा त्याला पुरतो. पण गडबडीच्या दिवशी हीच मंडळी जोडीला मोबाइल काढतात. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलने तेच पान जेमतेम २४० डीपीआयला येते, आणि जुनी जनरल रजिस्टरे बहुधा ए३ हून मोठीच असतात. बारीक शेरा, पेन्सिलीचा आकडा, अर्धवट उठलेला शिक्का अशा फोटोत विरघळून जातो. मोबाइलच्या स्कॅनिंग अ‍ॅपमधला 'डॉक्युमेंट' मोड तर पूर्ण वर्ज्य. तो पान पांढरेशुभ्र करतो आणि त्यासोबत पेन्सिल, फिकट जांभळी शाई आणि लाल शाईची दुरुस्तीही पुसतो. काम रंगीतच हवे. कोणती नोंद मूळची आणि कोणती मागाहून घातलेली, हे शाईच्या रंगावरूनच कळते. पडताळणी समितीसमोर हाच प्रश्न पहिला येतो.

जनरल रजिस्टरची खरी गोम त्याच्या मांडणीत आहे. एका मुलाची नोंद एका पानावर मावत नाही. डाव्या पानावर अनुक्रम, नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा. उजव्या पानावर दाखल तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. एक ओळ दोन पानांवर पसरलेली असते. या सेवेने सुरुवातीला डावे-उजवे पान वेगळे कापून पीडीएफ दिली. त्यात चाळीस ओळींपैकी कुठल्या मुलाचे कोणते कारण, हे जुळवत बसावे लागते. पान किंचित तिरके पडले असेल तर ओळ एकने सरकते आणि भलत्याच मुलापुढे 'मयत' येते. म्हणून करारातच लिहून घ्यावे : मूळ फोटो अखंड जोडपानाचा, कापलेली पाने हवी तर वेगळ्या फोल्डरमध्ये.

दुसरी अडचण शिलाईची. ही रजिस्टरे बाजूने टाके घालून शिवलेली असतात, त्यामुळे मधली घडी पूर्ण उघडत नाही. उजव्या पानाचा पहिला रकाना घडीत जातो, आणि नेमकी दाखल तारीख तिथे असते. टाके तोडणे हा त्यावर उपाय नाही. जिथे अक्षर घडीत गेले आहे तिथे पान हाताने हलके उचलून त्याच पानाचा दुसरा फोटो घ्यायचा. याला वेळ लागतो, म्हणून सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

आणखी एक गोष्ट हे लोक वगळतात, ती म्हणजे कोरी पाने आणि पुठ्ठे. फोटोमागे पैसे असल्याने 'कोऱ्या पानाचे पैसे कशाला घालवता' असा त्यांचा सूर असतो. वरकरणी हा प्रामाणिकपणा. पण रजिस्टरच्या शेवटच्या, वरून कोऱ्या दिसणाऱ्या पानांवर चार्ज दिल्या-घेतल्याच्या सह्या असतात. 'जुने रजिस्टर जीर्ण झाल्याने यात उतरवून घेतले' अशी एखादी ओळ असते. पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेले दरबारी छापील नियम असतात. मध्येच टाचलेली चिठ्ठी असते, कधी पोलीस पाटलाने दिलेला जन्माचा दाखला, कधी नाव बदलल्याचे पत्र. पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळे घ्या, असेच सांगावे. चिठ्ठी असेल तर तिच्यासह एक फोटो आणि तिच्याखालचे पान उघडून दुसरा. टाचण्या गंजलेल्या असतात. त्या ओढून काढू नयेत, मागून पाते घालून दोन्ही टोके उघडावीत.

वेगाबद्दल त्यांचा दावा खरा आहे. दोन माणसे, एक पान उलटायला आणि एक कॅमेऱ्यावर, दिवसाला साधारण साडेचारशे जोडपाने होतात. जीर्ण रजिस्टर असेल तर निम्मी. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारनंतर वर्ग रिकामे मिळतात, म्हणून शनिवार दुपार आणि रविवार धरावा. खिचडी शिजते त्या खोलीशेजारची खोली नको. खिडकीचे ऊन पानावर येत असेल तर फोटोत अर्धे पान पिवळे, अर्धे निळे दिसते. खिडकीला चादर लावावी. वीज जाते हे गृहीत धरून दिव्यांना इन्व्हर्टर लागतो. तो त्यांचा त्यांनी आणावा.

फोटो कोणत्या स्वरूपात मिळतात हेही पाहावे. हे लोक जेपेगची पीडीएफ पेनड्राइव्हवर देतात आणि काम संपले म्हणतात. मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात, मागावी. ए३ च्या एका रंगीत टिफला सुमारे ५२ एमबी लागतात, नऊशे जोडपानांचे ४७ जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर कसेबसे बसते, पण पेनड्राइव्ह हे साठवणीचे साधन नव्हे. दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, एक शाळेत आणि एक केंद्रशाळेत. फाइलचे नाव 'आयएमजी ००४५' असे राहू देऊ नये. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (प्रत्येक शाळेला मिळालेला सरकारी क्रमांक), मग रजिस्टरचा क्रमांक, मग पान, याच क्रमाने नाव हवे. पुढे कधी शाळेचे समायोजन झाले, कुमार आणि कन्या विद्यामंदिर एक झाले, तर कोणते रजिस्टर कुठल्या शाळेचे हे फाइलच्या नावावरूनच कळणार आहे.

आता सूची. जुन्या नोंदी शोधण्यासाठी हिचाच खरा उपयोग. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस उताऱ्यासाठी येतो, त्याला साल आठवत नाही, आणि मुख्याध्यापकांना अर्धा दिवस रजिस्टरे चाळावी लागतात. सूची असली की ते काम दोन मिनिटांचे होते. उतारा मात्र मूळ रजिस्टर पाहूनच आणि मुख्याध्यापकांच्या सहीनेच द्यायचा असतो. सूची हा पुरावा नव्हे, वाट दाखवणारी पाटी आहे.

पण या सेवेची सूची 'सुधारलेली' असते, आणि तिथे सगळा घोटाळा होतो. जातीचा रकाना ती आजच्या सरकारी यादीप्रमाणे भरते. मूळ रजिस्टरात जे लिहिले असेल, अपभ्रंश असो, तुटक असो, आज कानाला खटकणारे असो, ते जसेच्या तसे यायला हवे. अनुसूचित जातीच्या दाव्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. या तारखांच्या आधीच्या रजिस्टरात नेमके कोणते अक्षर आहे, यावर एखाद्या घराचे भवितव्य अवलंबून असते. टायपिंग करणाऱ्या मुलाने चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती तिथे नडते. 'कु.' चा विचार करा. जातीच्या रकान्यात तो कुणबी असू शकतो, नावाच्या रकान्यात कुमारी किंवा कुमार. सूचीत त्याचा अर्थ लावायचा नाही, 'कु.' एवढेच, त्याच रकान्यात. अर्थ लावणारा वेगळा माणूस असतो.

नावांतही हेच. जुन्या नोंदीत आडनाव नसते. 'गणू बिन रामा' असे असते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. सूची करणाऱ्याने पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने आखले आणि 'बिन' हे मधले नाव झाले. एका गावात सत्तर-ऐंशी मुलांचे मधले नाव बिन! हसण्यासारखे आहे, पण अशा सूचीत शोध घेतला तर बापाच्या नावाने काहीच सापडत नाही. नाव एकाच रकान्यात जसेच्या तसे, आणि शेजारी शोधासाठी सुटे केलेले नाव, हा उपाय. इयत्तेच्या रकान्यातली 'बिगरी' त्यांनी परस्पर 'पहिली' करून टाकली होती. बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीची पायरी. ती घालवली की मूल किती वर्षे शाळेत होते याचा हिशेब एका वर्षाने चुकतो.

जन्मतारखेवरून शोध घेऊ पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ जून ही तारीख शेकडोंनी सापडेल. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकायचे. ती सूचीतली चूक नव्हे, रजिस्टरातलीच आहे. जिथे तारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही आहे तिथे दोन्ही टाइप करून घ्यावे. १ आणि ९, ४ आणि ५ यांची जुन्या हस्ताक्षरात गल्लत होते. अक्षरी तारीख ती सोडवते.

मोडी वाचनाला १८० रुपये हा दर अवाजवी नाही. मोडीत शब्द तोडलेले नसतात. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लावलेली असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि प्रत्येक गुरुजींचे वळण वेगळे. चांगल्या वाचकालाही नवे हस्ताक्षर बसायला पाच-सहा पाने लागतात. म्हणून पहिल्या पानावरून वाचकाची परीक्षा करू नये. त्याला दहा पाने द्यावीत, त्यांत एक असे घालावे ज्यातली मुले पुढच्या रजिस्टरात देवनागरीत पुन्हा आली आहेत, आणि ते पान ताडून पाहावे. या सेवेच्या वाचनात नावे बरी निघाली, गावांची नावे डगमगली. कारण सरळ आहे. वाचक बाहेरचा असला की त्याला आजूबाजूच्या वाड्या ठाऊक नसतात. तालुक्यातल्या गावांची आणि वाड्यांची यादी त्याच्या हातात दिली तर हा दोष बराच कमी होतो.

सालाचे घोळ वेगळे. शाळेच्या नोंदीत बहुधा इंग्रजी तारीख किंवा शक असतो, पण चिकटवलेल्या दरबारी हुकमात फसली किंवा शुहूर सन, या जुन्या दरबारी कालगणना, येतो. शकात ७८ मिळवले, फसलीत ५९० आणि शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. मात्र फसली आणि शुहूर साल जूनच्या सुमारास, मृगाला बदलते. जानेवारी ते मे मधल्या तारखेला एक जास्त मिळवावा लागतो. शकाचे वर्ष चैत्रात बदलते, त्यामुळे तिथे हा एकचा फरक जानेवारी ते मार्च-एप्रिलमध्ये पडतो. सेवेने दिलेल्या वाचनात ही एकची चूक जागोजाग होती. तारीख मूळ सनासह लिहून घ्यावी, रूपांतर शेजारी.

फुकट मिळणाऱ्या 'शाळेच्या इतिहासा'वर मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण स्मरणिकेत छापले जाते ते हेच. प्रत्येक शाळेला एकच परिच्छेद चिकटवलेला असतो : राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि त्यातून आपली शाळा सुरू झाली. पहिला भाग खरा आहे. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, हेही खरे. पण जिल्ह्यातली प्रत्येक शाळा त्या हुकमातून निघालेली नाही. चंदगड तालुका तेव्हा कोल्हापूर संस्थानात नव्हताच. तो मुंबई इलाख्यातल्या बेळगाव जिल्ह्यात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. तिथल्या जुन्या शाळेच्या मागे लोकल बोर्ड (इंग्रजी अमलातली स्थानिक स्वराज्य संस्था) आणि १९२३ चा मुंबईचा प्राथमिक शिक्षण कायदा शोधायचा. कुरुंदवाड पटवर्धनांचे वेगळे संस्थान होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. ते १९४८ साली विलीन झाले. कागल, इचलकरंजी, गगनबावडा, विशाळगड या जहागिरी होत्या, त्यांचा कारभार त्यांच्या दप्तरात पाहावा लागतो. कोल्हापूर संस्थान स्वतः १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झाले. चंदगडच्या शाळेच्या स्मरणिकेत शाहू महाराजांचा हुकूम छापला तर तो महाराजांचा गौरव होत नाही, नुसती चूक होते.

शाळा कोणाची होती हे शिक्क्यांवरून वाचता येते, आणि हे काम शाळेतल्या शाळेत होण्यासारखे आहे. रजिस्टरांच्या पहिल्या पानांवरचे शिक्के क्रमाने काढून ठेवावेत. आधी संस्थान किंवा लोकल बोर्ड, १९४७ च्या कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्ड, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. शिक्का बदलला तिथे शाळेचा मालक बदलला. या सेवेने सूचीत सगळ्या काळाला 'जि. प. शाळा' असे एकच नाव लावले होते. १९३० च्या नोंदीपुढे जिल्हा परिषद!

स्थापनेची तारीख काढताना पहिल्या रजिस्टरची पहिली नोंद ही स्थापना समजू नये. बरीच 'रजिस्टर क्रमांक १' ही जुन्या रजिस्टरवरून उतरवून घेतलेली असतात. खरे पहिले पुरात, आगीत किंवा वाळवीत गेलेले असते. ओळखायची खूण अशी की सुरुवातीची शंभर-दीडशे नावे एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत असतात आणि दाखल तारखा मात्र आठ-दहा वर्षांत पसरलेल्या असतात. तसेच पहिल्याच पानावर तिसरी-चौथीत दाखल झालेली मुले दिसली तर शाळा त्याआधीपासून कुठे तरी, देवळात किंवा कोणाच्या सोप्यात, भरत होती असे धरावे. संस्थानी गावांत १९१९ हे सालही तपासावे. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा त्या साली बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत आणले गेले. एकाच आठवड्यात वेगवेगळ्या इयत्तांत बरीच मुले दाखल झालेली दिसली आणि 'आधीची शाळा' या रकान्यात त्याच गावाचे नाव आले, तर तो हुकूम गावात पोचल्याची ती खूण असू शकते. गावाच्या इतिहासाला असा पुरावा दुसरीकडे कुठे मिळायचा नाही.

'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना सूचीत घेण्याचे हे लोक वेगळे पैसे मागत नाहीत, पण स्वतःहून घेतही नाहीत. तो घ्यायलाच लावावा. 'शेतीकाम', 'परगावी', 'गैरहजर म्हणून नाव कमी', 'मयत'. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या काळात शेवटचा शब्द किती वेळा येतो ते मोजता येते. राधानगरी आणि काळम्मावाडी धरणांच्या भागात गाव उठल्याने एकदम रिकामे झालेले वर्ग दिसतात. उठलेल्या गावाच्या शाळेचे रजिस्टर बहुधा शेजारच्या शाळेच्या कपाटात असते. तेही याच फेरीत स्कॅन करून घ्यावे, त्याला दुसरा वाली नाही.

जनरल रजिस्टर संपल्यावर त्यांना थांबू देऊ नये. शेरेबुक, म्हणजे तपासनिसांच्या भेटीचे पुस्तक, हे कुठल्याही शाळेतले सर्वांत वाचनीय दप्तर. पट किती, हजर किती, छप्पर गळते का, मुली किती, गुरुजी वेळेवर येतात का, सगळे त्यात असते. साधारण शंभर पानांचे एक पुस्तक ९ रुपयांच्या दराने पाचशे रुपयांच्या आत होते. जडसंग्रह नोंदवहीतून, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीतून, पहिला ग्लोब, पहिले घड्याळ, पहिला रेडिओ केव्हा आला ते कळते. हजेरीपट मुदत संपली की निर्लेखित होतात, म्हणजे दप्तरातून काढून टाकले जातात. उरलेच असतील तर नमुन्यादाखल दशकाला एक घ्यावा.

बांधणीबद्दल मत बदलण्याचे कारण दिसत नाही. हे लोक टाके काढतात, तिन्ही कडा मशीनवर कापून सरळ करतात, नवा पुठ्ठा आणि कापडी पाठ लावतात. रजिस्टर देखणे होते. कडेबरोबर समासातले शेरे आणि पान क्रमांकही कापले जातात. चिकटवायला मैद्याची खळ, आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद. मोरचुदातले तांबे कागद आणि जुनी शाई दोन्हींचे वय कमी करते, आणि मैदा म्हणजे कसरीला जेवण. फाटलेल्या पानांना ते लॅमिनेशन सुचवतात. त्याला स्पष्ट नकार द्यावा. गरम लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. आत ओल राहिली तर पान आतल्या आत काळे पडते. सेलोटेपही नको. दहा वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा तपकिरी डिंक अक्षरांवर राहतो.

त्याऐवजी ४५० रुपयांत जे होते ते जुन्या दप्तरखान्यांनी शिकवलेलेच आहे : रुमाल. कोरे मांजरपाट घ्यावे, दोनदा गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ पूर्ण काढावी (खळ राहिली तर कीड कापडालाच येते). रजिस्टरच्या वर-खाली त्याच मापाचा जाड पुठ्ठा ठेवावा, कापडात गुंडाळावे आणि सुती नाडीने बांधावे. नाडीला लेबल. रजिस्टरे उभी न ठेवता आडवी, तीनपेक्षा जास्त एकावर एक नकोत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कपाटात, पानांच्या मध्ये नाही; पाला डाग पाडतो.

पुराबद्दल या सेवेच्या पत्रकात 'पुरात भिजलेली रजिस्टरे पूर्ववत' असे वाक्य आहे. ते मनावर घेऊ नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या आणि कृष्णाकाठच्या शाळांत काय झाले ते शिरोळ-करवीरच्या शिक्षकांना सांगायला नको. काजळीच्या शाईने बोरूने लिहिलेली पाने पाण्यात तगतात. फाउंटन पेनची निळी शाई धुऊन जाते, आणि कॉपिंग पेन्सिल ओली झाली की जांभळी फुटते. धुतलेली शाई कोणी परत आणत नाही. भिजलेले रजिस्टर उघडण्याचा प्रयत्न करू नये, उन्हात तर मुळीच टाकू नये. पाने वाकडी होऊन एकमेकांना चिकटतात. दोन दिवसांत बुरशी धरते. एक-दोनच असतील तर पानापानांत कोरा शाईशोषक कागद घालून पंख्याखाली ठेवावीत आणि कागद दर दोन-तीन तासांनी बदलावा. जास्त असतील तर एकेक रजिस्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळून गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवावे. गोठले की बुरशी थांबते आणि पुढे काय करायचे ते ठरवायला वेळ मिळतो. कपाट वरच्या मजल्यावर हलवणे याहून स्वस्त. नदीकाठच्या शाळेने स्कॅनिंगचा नंबर जूनच्या आधी लावावा.

परवानगीचे थोडक्यात. मूळ रजिस्टर शाळेबाहेर द्यायचे नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. हे लोक 'शहरात नेऊन चांगले होईल' म्हणतात. चांगले होत असेलही, पण ताबा मुख्याध्यापकांचा असतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. फोटोंत नावे, जाती, जन्मतारखा असतात, म्हणून काम संपल्यावर त्यांच्या लॅपटॉपवरची प्रत आपल्यासमोर पुसून घ्यावी आणि तसे लिहून घ्यावे. या मंडळींनी नमुना म्हणून दुसऱ्या गावाच्या रजिस्टरचे पान मोबाइलवर दाखवले, यावरून पुसण्याची सवय त्यांना नाही हे उघड आहे.

पैसे तीन हप्त्यांत द्यावेत, शेवटचा तिसरा भाग हातात ठेवून. डिस्क मिळाल्यावर प्रत्येक रजिस्टरातून पहिले, शेवटचे आणि मधली कुठलीही पाच जोडपाने उघडावीत, मूळ रजिस्टर शेजारी ठेवावे. पान क्रमांक सलग आहेत का, घडीतली तारीख वाचता येते का, समास पूर्ण आला आहे का, एवढे पाहावे. नंतर फोटोंची संख्या मोजून ती पानांच्या संख्येशी जुळवावी. दोन पाने एकत्र उलटली गेली की एक जोडपान गळते, आणि नऊशे फोटोंत असे चार-पाच ठिकाणी होतेच. ते रजिस्टर पुन्हा टेबलावर आले की मगच शेवटचा हप्ता.